सायकलवर गांधीनगर आणि पुढं वळिवडे

कोल्हापूरजवळचं गांधीनगर म्हटलं की आमच्या घरात एकच अर्थ, लग्नाचा बस्ता. गादीवर बसायचं, साड्यांचा ढीग, चहा आणि परत घर. वीसेक वेळा तरी गेलो असेन पण दुकानांच्या मागं काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं.

परवा रविवारी उजाडताच सायकल काढली, तावडे हॉटेलपाशी हायवेचे ट्रक कसेबसे चुकवले आणि आत वळलो. शटरं सगळी बंद, त्यामुळं पहिल्यांदा मागच्या गल्ल्या दिसल्या, त्यात मधेच कुठंतरी लांबलचक बैठी कौलारू बराक, अर्धी जुनी नि अर्ध्यावर स्लॅबचा मजला चढलेला. या बराकी दुसऱ्या महायुद्धातल्या. 1943 ला इथं पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प उभा राहिला, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका-पोरंच, रशियानं घरातनं उचलून सायबेरियाकडं नेलेली आणि तिथनं इराणमार्गे थेट आपल्या उसाच्या मुलखात. काय वाटलं असेल हो आपला उन्हाळा बघून! 1948 पर्यंत ती माणसं गेली, मग फाळणीत सिंधमधनं आलेल्यांना याच जागा मिळाल्या आणि आजची कापडपेठ तिथनं वाढली.

एक काका दात घासत उभे होते. फोटो काढू का विचारलं तर म्हणाले, "काढ की, थांब, आधी स्कूटर बाजूला घेतो." वडिलांना मिळालेली खोली, कौलं दोनदा बदलली म्हणे, भिंत तीच.

तिकडं पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, 2024 ला पंतप्रधान तिथं गेले तेव्हा मला कळलं. मी फिरलो त्या गल्लीत मात्र साधी पाटी दिसली नाही, हे काय बरं वाटलं नाही.

पुढं वळिवड्याकडं दोन्ही बाजूला ऊस, धुकं आणि कुठनं तरी गुऱ्हाळाचा वास. वासाच्या मागं गेलो, काहिलीतला गूळ नुकताच ओतलेला, गरम गरम चाखायला दिला, पैसे घेतले नाहीत. परत निघालो तर पुढचं चाक बसलेलं, बाभळीचा काटा. पंक्चरवाला उठेपर्यंत सायकल ढकलत परत त्याच गल्लीत, काका अजून दारातच. "झालं का फिरून?" म्हणत त्यांनी चहा टाकला.