तैवानला कागद पाठवताय? आधी हे बघा

नवी मुंबईतल्या महापे-रबाळेतून तैवानला माल किंवा माणूस पाठवणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा कागदांवर अडते. भारताचा तिथे दूतावास नाही. 1995 पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' तेच काम करते. तैवानचं इथलं कार्यालय म्हणजे 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र': दिल्ली, चेन्नई आणि 2024 पासून मुंबई.

मोठी चूक अपोस्टीलची, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याची. हा शिक्का ज्या हेग करारामुळे चालतो, त्यात तैवान नाही, त्यामुळे अपोस्टीलचा शिक्का तिथे चालत नाही. पदवी प्रमाणपत्राला आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण घ्या, शेवटी त्या केंद्राचं. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून!

हे त्रांगडं तैवानला देश मानायचं की नाही या वादातून आलंय. त्यात 1971 चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव 2758 सतत पुढे येतो. त्याने संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा तैपेईकडून काढून बीजिंगच्या सरकारला दिली. तैवानचं नाव मात्र त्यात कुठेच नाही, आणि वाद नेमका तिथेच आहे.

उत्पत्ती प्रमाणपत्रावर (माल कुठे बनला ते सांगणारा कागद) माल जिथे जातो त्या देशाचा कोड टीडब्ल्यू लिहा, चीनचा सीएन नको. तैवानी पासपोर्टवर 'रिपब्लिक ऑफ चायना' हे तैवानचं अधिकृत नाव दिसलं म्हणून कारकून हमखास गोंधळतो. जागतिक व्यापार संघटनेत तैवान 2002 पासून स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश म्हणून सदस्य आहे.