मिठाची बरणी

काल येळवस झाली, म्हणजे वेळा अमावास्येचा शेतातला सण. आज अंग ठणकतंय आणि बोटांना अजून आंबिलीतल्या लसणाचा वास येतोय.

वावर तेच, पण कडब्याच्या कोपी तीन. थोरल्या काकांची, आमची, धाकट्या काकांची. तिन्हीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, तिन्हीकडं आपापली पालेभाज्या-डाळींची भज्जी, आपापले बाजरीचे उंडे. माझ्या पोरानं तिन्हीकडं जेवून पहिला नंबर धाकट्या काकूला देऊन टाकला. माय वरवर हसली.

लहानपणी कोप एकच असायची. घर म्हणजे सतरा माणसं, असं माझं गणित होतं. उन्हाळ्यात माळवदावर झोपायला गेलं की मी डोकी मोजायची. सतरा भरली की मगच डोळा लागायचा. भातुकलीत मला कधी आई व्हायचं नसायचं, आजीच व्हायचं. तिच्या कमरेला किल्ल्या असायच्या आणि हाताशी चिनी मातीची मिठाची बरणी. सुना चुलीपुढं भाकरी थापायच्या, कालवण शिजवायच्या. मीठ मात्र आजी येऊन टाकायची. मला त्याचा केवढा रुबाब वाटायचा!

३० सप्टेंबर १९९३. मी आठ वर्षांची. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलेलं गाव गाढ झोपेत, आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं सगळं खाली. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची हातभर माती. आजी त्यातच गेली. त्या रात्रीचं याच्यापुढं लिहायला मला अजून जमलेलं नाही.

मग पत्र्याच्या शेडात दिवस काढले, आणि पुढं पुनर्वसनाची घरं मिळाली. ज्याच्या नावावर जेवढी जमीन, त्या हिशोबानं घर. आजोबांनी आधीच जमीन तिघांच्या नावावर केलेली, म्हणून तीन घरं, तीही तीन गल्ल्यांत. आमचं ४०० चौरस फुटांचं. मी कितीतरी रात्री रडत झोपले. डोकी मोजायला घेतली की पाचावर संपायची. भूकंपानं आमचं घर मोडलं, हे वाक्य मी कॉलेजात, सासरी, नवऱ्यापाशी इतक्यांदा बोललेय की मला ते पाठ झालंय.

काल भज्जी हलवता हलवता तेच बोलले. माय जाळ पुढं सारत होती. वर न बघताच म्हणाली, "नव्या घरात पहिल्या दिवशी वरण केलं. मीठ किती टाकावं तेच कळंना. लग्नाला बारा वर्षं झालती."

"मग?"

"टाकलं अंदाजानं. खारट झालं. तुझे अण्णा गप खाल्ले." जरा थांबून म्हणाली, "लई ग्वाड लागलं बघ मला ते. आन् मग लई रडले. सासू मेली म्हणून मीठ हातात आलं, असं वाटलं."

भज्जी बुडाला लागत होती. मी पळी फिरवत राहिले. इतक्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. माझ्या सतरा डोक्यांत तिचंही एक होतं, एवढंच.

निघताना दरवर्षीसारखं म्हटलं, "अण्णा गेल्यापासून एकटीच राहतीस. चल की लातूरला."

ती माझ्या पिशवीत उंडे भरत होती.

"तुझ्या घरी मीठ तूच टाकतीस की गं बाई," म्हणाली. "मी येऊन काय करू?"