आमची वाटचाल : मांडववाल्यांची जमीन

आमच्या मांडव-स्टेजच्या धंद्यात गिऱ्हाईक स्टेजवर चढून बघतं, फार तर पाय आपटून बघतं. आडवं पडलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहिलं ते २०१४ मध्ये. पुण्यातल्या आमच्या धायरीच्या गोडाऊनवर एक मुलगी आली, चोवीस-पंचवीसची. म्हणाली, "ताई, आठ बाय आठचा तुकडा जोडून दाखवाल?" पोरांनी लग्नाच्या स्टेजचे दोन प्लाय जोडून दिले. तिने चपला काढल्या, पाठीवर पडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत गेली. उठली तेव्हा खांद्यावर रक्ताची बारीक रेघ होती. मागच्या लग्नात जाजम ठोकलं होतं, त्याची स्टेपलची पिन प्लायमध्ये तशीच राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ती पिन नखाने उपटली, माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "अशा अजून किती असतील हो?"

बाबांनी १९८१ मध्ये मांडवाचं काम सुरू केलं. बल्ल्या, सुतळी, कनाती, गणपतीत मंडळांची स्टेजं आणि मे महिन्यात लग्नं. मी बी.कॉम. होऊन हिशेबाला बसले ती तिथेच राहिले. नाच म्हणजे आमच्या लेखी शाळेचं गॅदरिंग. कंटेम्पररी, म्हणजे आजच्या काळाचा नाच, हा शब्द मी या मुलीकडून ऐकला. ती बेंगळुरूला राहून शिकून आली होती. तिकडे तेव्हा १९९२ पासूनची अटक्कलरीसारखी नाचाची संस्था होती, मोठे महोत्सव व्हायचे, परदेशातले नाचणारे यायचे. पुण्यात येऊन तिने स्वतःची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे काय, तर सहा पोरं, एक स्पीकर आणि कुणाच्या तरी आईची गाडी. सराव एका शाळेच्या हॉलमध्ये, लादीवर. दोघांच्या नडग्या दुखत होत्या, एकाचा गुडघा गेलेला. आणि महिन्याभरात त्यांचा पहिला महोत्सव.

तिने जे सांगितलं ते मी आजही नव्या गिऱ्हाइकाला तसंच सांगते. उडी मारून खाली येताना अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का बसतो. जमिनीने त्यातला थोडा गिळला तर ठीक, नाहीतर तो सगळा नडगीत, गुडघ्यात आणि कमरेत जातो. आपल्याकडच्या बऱ्याच सभागृहांत वर छान लाकडी फळी दिसते आणि तिच्याखाली सरळ सिमेंटचा स्लॅब असतो. शिवाय यांचा अर्धा नाच जमिनीवर. लोळायचं, खांद्यावरून उलटायचं, गुडघ्यावर घसरायचं. कथकवाल्यांचं फक्त पाऊल जमिनीला लागतं, यांचं सगळं अंग लागतं.

तो पहिला महोत्सव त्यांनी आमच्या लग्नाच्याच प्लायवर केला. आमच्या सुतार मिस्त्रींनी दोन दिवस पक्कड घेऊन पिना उपटल्या, वर पॉलिशपेपर मारला. पैसे फारसे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर मागायचे कसे, तेच कळेना.

मग मला नाद लागला. मिस्त्री आणि मी मिळून धक्का गिळणारी जमीन करायला बसलो. पहिल्या खेपेला रीपांखाली गादीचा फोम कापून लावला. ती मुलगी एकदा उडी मारून थांबली, म्हणाली, "ताई, ही जमीन नाही, लोड आहे." फार मऊ जमीनही वाईटच, घोटा मुरगळतो. बोहरी आळीत चार दुकानं पालथी घातली तेव्हा मनासारखे रबराचे ठोकळे मिळाले. टिंबर मार्केटमधून सरळ रेषेच्या रीपा निवडून आणल्या. आता आमची रचना अशी : खाली ठोकळे, त्यावर आडव्या-उभ्या रीपा, मध्ये हवा खेळती, त्यावर ९ मिलीच्या प्लायचे दोन थर. खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येता कामा नये. स्क्रू सगळे खालून. चाळीस बाय बत्तीस फुटांच्या स्टेजला एका थराला ४० प्लाय लागतात, म्हणजे दोन थरांना ८०. ते उचलायला आठ माणसं आणि टेम्पोच्या दोन खेपा.

याच्या वर व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकसारखं गुंडाळता येणारं अंथरूण. सगळे त्याला मार्ले म्हणतात. मार्ले हे मुळात एका ब्रिटिश कंपनीचं नाव. ती नाचाचं फ्लोअरिंग करायची कधीच थांबली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. बाहेरून मागवलेल्या पाच गुंडाळ्या घेतल्या, प्रत्येकी दोन मीटर रुंद, बारा मीटर लांब, चाळीसेक किलोची एकेक. त्यासाठी आईच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. आईने त्या काढून देताना एवढंच विचारलं, "सतरंजी नाही का चालणार?"

व्हिनाइलचं नाजूक मुलासारखं आहे. घडी घालायची नाही, नळीवरच गुंडाळायचं. अंथरल्यावर लगेच टेप मारायची नाही, त्याला पसरू द्यायचं, नाहीतर दिवे लागून ऊब आली की मध्येच फुगा येतो. निसरडं वाटलं तर पाणी घातलेल्या कोलाचा पोछा मारतात, वाळल्यावर पायाला हलकी पकड मिळते. मुंग्याही येतात, पण त्या शो संपल्यावर.

आमच्या शहरात आणखी एक पेच होता. हे कथकचं गाव. रोहिणी भाटे यांची नृत्यभारती १९४७ पासूनची. आमचं व्हिनाइल बघायला एक ज्येष्ठ कथकगुरू आल्या, चार वेळा तत्कार केला, म्हणजे पायांनी ठेका वाजवून बघितला, आणि थांबल्या. "अगं, आवाज कुठे गेला?" घुंगरू वाजत होते, पण पायाचा नाद व्हिनाइल पिऊन टाकत होतं. बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांना उघडं लाकूड पाहिजे, पोरांना वर व्हिनाइल. आणि संमिश्र महोत्सवात दोघंही एकाच संध्याकाळी. मग आम्ही आयोजकांना कंटेम्पररी आधी ठेवायला सांगू लागलो. पट्ट्या अंथरायला दोन तास लागतात, उचलायला बारा मिनिटं पुरतात. तसंही नवख्या कंपनीला पहिली वेळच देतात, लोक पार्किंग शोधत असतात तेव्हाची. आमच्या मात्र ती सोयीची.

आता एका जानेवारीबद्दल, नाशिककडच्या. उघड्यावरचा महोत्सव, तीन रात्री, पहिल्या रात्री आमची सहा पोरं. आम्ही आदल्या रात्री पोहोचलो, सकाळी जमीन बांधली, दुपारी व्हिनाइल पसरलं. तीन वाजता तालमीला एक मुलगा अनवाणी चढला आणि उड्या मारतच उतरला. काळं व्हिनाइल, वर ऊन, तवाच झाला होता. पट्ट्या उन्हाने लांबून मध्ये लाटा आलेल्या. टेप उपसली, पाणी मारलं, सूर्य कलल्यावर पुन्हा बसवलं. सात वाजता सगळं गुळगुळीत, छान. मी मिस्त्रींना म्हटलं, चहा घेऊ.

भाषणं लांबली. दीपप्रज्वलन, शाली, नारळ. पावणेनऊला मी विंगेतून स्टेजवर हात टेकवला आणि हात ओला झाला. दव. उघड्या आभाळाखाली जमीन लवकर गार पडते, आणि व्हिनाइल पाणी पीत नाही, ते वरच राहतं. दिव्यांत ते चमकायला लागलं होतं. सूत्रसंचालक कंपनीचं नाव घेत होता. पोरांच्या बावीस मिनिटांच्या नाचात धावत येऊन गुडघ्यावर घसरायचं होतं, एकमेकांच्या खांद्यावर चढायचं होतं.

आमच्याकडे पंचे होते, मांडववाल्याकडे असतातच. मी माझ्या माणसांना हाक मारणार तेवढ्यात त्या मुलीने सहाच्या सहा पंचे उचलले, प्रत्येकाच्या हातात दिले आणि संगीतवाल्याला खूण केली. सहाही जण एका ओळीत, ओणवे, मागच्या पडद्यापासून प्रेक्षकांपर्यंत फरशी पुसत आले. परत गेले. पुन्हा आले, या वेळी तालात. तिसऱ्या फेरीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो नाच वाटला. मला विचाराल तर होताच. नंतर त्यांनी घसरण्याचा भाग गाळला, खांद्यावर चढणं ठेवलं, आणि मी बावीस मिनिटं विंगेत श्वास धरून उभी.

रात्री बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुसून काय होणार आहे? दवाला छप्पर लागतं. मांडव घाल की!" सदतीस वर्षं मांडव घालणाऱ्या घरातली मी, आणि जमिनीच्या नादात वर बघायचंच विसरले होते. आयोजकांना आभाळ दिसायला हवं होतं, त्यांना पटवायला सकाळ गेली. दुपारी फक्त स्टेजपुरतं पांढरं कापड ताणलं. उन्हाची झळ लागली नाही, रात्री व्हिनाइल कोरडं राहिलं. तेव्हापासून उघड्यावरच्या कामात जमीन आणि छत असा एकच दर देतो. त्यातलं छत काढून पैसे कमी करा म्हणणारे भेटतात. मी काम सोडते. खर्चातून आधी जमीनच कापणारे तर नेहमीचेच. दिवे दिसतात, ध्वनी ऐकू येतो, जमिनीचा फोटो कोण काढतो?

लॉकडाऊनमध्ये धंदा बसला. मुलं घरात लादीवर नाचताहेत हे कळल्यावर चार बाय चारचे धक्का गिळणारे तुकडे करून विकले, त्यावर पगार निघाले. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं पुन्हा उघडली तेव्हा गोडाऊनमधल्या व्हिनाइलवर बुरशीचे ठिपके होते. ते घासण्यात आमची दिवाळी गेली. एका आयोजकाचं त्याआधीचं बिल अजून यायचं आहे, जीएसटी मात्र मी कधीच भरून बसले.

आज आमच्याकडे जमिनीचे तीन संच आहेत. त्या सहांपैकी चौघं अजून नाचतात, गुडघा गेलेला मुलगा आता त्यांचे दिवे करतो. ती मुलगी आजही कुठल्याही स्टेजवर आधी आडवी पडते. पण आता तिच्याआधी मिस्त्री पडलेले असतात. वय बासष्ट, बनियनवर, पोट आत घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत जातात आणि पलीकडून ओरडतात, "ताई, एक पिन बी नाही!"