तुम्ही विचारलेत म्हणून : लुनिक नऊविषयी

पुण्याला आलो की, शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या रोमा लोकांविषयी तुमचा प्रश्न ठरलेला असतो : “ते रोमा मूळचे आपलेच ना? मग घरे, शाळा, भत्ते मिळूनही ते सुधारत का नाहीत?” स्लोव्हाकियातील कोशित्से शहरात मी नऊ वर्षे नोकरी करतो आणि लुनिक नऊ या रोमा वसाहतीत शनिवारी मुलांना गणित शिकवतो, एवढ्यावरून उत्तर माझ्याकडे असणार असे तुम्ही धरून चालता.

घरांचे आधी सांगून टाकतो. तिथे पूर्वी मिश्र वस्ती होती. भाडे थकवलेल्या रोमा कुटुंबांना तिथेच हलवायचे, असे १९९५ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवले. सुमारे अडीच हजारांसाठी बांधलेल्या इमारतींत मग दाटी झाली आणि पाणी ठरावीक तासच येऊ लागले. २०१३ मध्ये, शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवत असतानाच, शेजारच्या भागाने त्यांच्या वाटेवर भिंत घातली. सुधारायचे कोणी, हे तुम्हीच ठरवा.

मी मात्र सुटत नाही. सहा वर्षांच्या एका मुलीच्या शाळाप्रवेशाच्या चाचणीला तिच्या आईने मला, शिकलेला माणूस म्हणून, सोबत नेले. परीक्षकबाईंनी चित्रातील सफरचंदे स्लोव्हाक भाषेत मोजायला सांगितली. मुलीने एकेकावर बोट ठेवत आपल्या रोमा भाषेत मोजले : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, एफ्ता. सफरचंदे सातच होती. सहापर्यंतचे आकडे माझ्या आजीलाही कानावरून उमगले असते. बाईंनी कागदावर फुली मारली. मी गप्प राहिलो. बाई दुखावल्या तर मुलीचेच नुकसान होईल, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. खरे कारण निराळे आहे : दुकानात पहारेकरी माझ्या मागे फिरू लागला की मी मोठ्याने इंग्रजी बोलतो, म्हणजे मी ‘त्यांच्यातला’ नाही हे त्याला कळते, आणि त्या खोलीतही मला तेच कळवायचे होते. बाहेर आल्यावर आईने विचारले, “चुकली का?” मी म्हणालो, “थोडी.” मुलीला विशेष, म्हणजे मतिमंद मुलांसाठीच्या, शाळेत घातले गेले. शेजारच्या चेक देशात रोमा मुलांना अशा शाळांत पाठवणे हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्येच दिला होता आणि तो मी वाचलेला होता.

पहिल्या वर्षी त्यांच्या बोलण्यात पानी, नाक, कान सापडल्यावर “ही आपलीच माणसे” असे हरखून तुम्हाला कळवणारा मीच होतो. त्या पत्राचा मला आज राग येतो, तरी त्यातील एकही शब्द खोटा नव्हता. मुलगी अजून शनिवारी येते. तिचे त्या दिवशी काहीच चुकले नव्हते, हे तिच्या आईला मी अद्याप सांगितलेले नाही.