खेळाडूला आकडा आधी सांगावा का?

१९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकेका पात्राची भूमिका घेऊन फाशांच्या आधारे कथा रंगवण्याचा खेळ आला, आणि गेममास्टरने, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणाऱ्याने, खेळाडूंपासून काय काय झाकून ठेवावे हा प्रश्न आजही प्रत्येक डावात उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी कापसाची वेचणी आटोपली की रात्री सतरंजीवर हा खेळ रंगतो. पात्राला जे डोळ्यांनी दिसते, ते जमण्यासाठी किती लागतील हा आकडा खेळाडूला आधीच कळला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या कथेत मेळघाटातली सिपना नदी दुथडी भरून वाहत होती. पार होण्यासाठी फासा आणि पात्राच्या कौशल्याची भर मिळून १५ लागतील, हे मी गेममास्टर म्हणून फासा पडण्यापूर्वीच सांगितले. पट्टीच्या पोहणाऱ्या पात्राला ३ ची भर मिळते, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा अधिक यायला हवेत. शक्यता ४५ टक्के. पावसाळ्यात नाल्याकाठी थांबून बैलबंडी पाण्यात घालावी की नाही हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याचा रंग आणि ओढ पाहून जो अंदाज येतो, तोच या आकड्यातून खेळाडूला मिळतो. तो न देता ‘टाक फासा’ म्हणणे मला सरळ अन्याय वाटतो. आकडा ऐकताच दोर बांधावा की उतार शोधावा, यावर चर्चा पेटली.

व्यापारी खोटे बोलतो का, हे ताडण्याचा फासा मात्र मी झाकूनच टाकतो, कारण २ सारखा कमी आकडा पडलेला दिसला की माझ्या उत्तरावर कोणीच विश्वास ठेवत नाही. जखमी अस्वलाचे उरलेले बळही मी आकड्यात सांगत नाही. ते लंगडते आहे, एवढे वर्णन पुरते.