लष्करहून साकचीला: माधवराव महाराजांच्या कर्जरोख्यांचा माग

जयविलास या शिंद्यांच्या राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आम्ही ग्वाल्हेरकर प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने दाखवतो. परंतु ती हौस करणाऱ्या माधवराव महाराजांनी, म्हणजे ग्वाल्हेर संस्थानच्या तेव्हाच्या शिंदे महाराजांनी, जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळते भांडवल पुरवले होते, हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतही क्वचितच निघते. १९०७ साली या कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात पैसा मिळेना, तेव्हा स्वदेशीच्या भरात सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे भागभांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढावे लागले, ते सगळेच्या सगळे महाराजांनी एकट्याने घेतले. तो पैसा जिथे लागला ते गाव पाहावे, एवढ्याच हेतूने आम्ही चौघे निवृत्त मंडळी गेल्या हिवाळ्यात निघालो.

ग्वाल्हेरहून कलिंग उत्कल एक्सप्रेस थेट टाटानगरला, म्हणजे जमशेदपूरच्या स्टेशनला, जाते. झाशी, बीना, कटनी, बिलासपूर असा हा मार्ग असून प्रवासाला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो, म्हणून दशम्या आणि कोरडी चटणी सोबत असलेली बरी. राउरकेला मागे पडल्यावर गाडी सारंड्याच्या डोंगरातून जाते. उजेड असेल तर त्या वेळी झोपू नये.

हे गाव इथेच का वसले, याची कथा नागपूरमार्गे येते. जमशेटजी टाटांना आधी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोखंडाची आशा होती, ती फोल ठरली. त्यांचे चिरंजीव दोराबजी हा नाद सोडत असल्याचे सांगायला नागपूरला अधिकाऱ्यांकडे गेले आणि वाट पाहताना संग्रहालयात शिरले. तेथील भूगर्भीय नकाशात दुर्गजवळ लोहखनिजाची खूण दिसली. ते साठे पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामी आले. मात्र ज्या भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी त्यांची नोंद केली होती, त्यांनीच २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या खनिजाकडे लक्ष वेधले. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले. मयूरभंजातल्या गोरुमहिसाणीचे खनिज, झरियाचा कोळसा, बारमाही पाणी आणि जवळ रेल्वे, हे सारे जुळवताना आधी सिनी या जागेचा विचार झाला आणि शेवटी सुवर्णरेखा व खरकाई यांच्या संगमाजवळचे साकची हे खेडे ठरले. डिसेंबर १९११ मध्ये झोतभट्टीतून पहिले लोखंड आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिले पोलाद बाहेर पडले. पहिल्या महायुद्धात इथले रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले, आणि २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीचे नाव जमशेदपूर केले. कालिमाटी स्टेशनचे टाटानगरही तेव्हाच झाले. संथाळ, हो आणि भूमिज लोकांची गावे या मातीवर त्याआधीपासून होती, हे सोनारीतील आदिवासी संस्कृती केंद्र पाहिल्याखेरीज मनावर ठसत नाही. ज्युबिली पार्क या इथल्या बागेपेक्षा त्याला अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे.

कारखान्यात जाण्याच्या बाबतीत आमची फजिती झाली. परवानगी दारावर मिळेल अशा समजुतीने आम्ही गेलो आणि चपला घातलेल्या अवस्थेत परत फिरलो. दोष आमचाच होता. आत जायचे असल्यास महिनाभर आधी लेखी विचारणा करावी आणि बंद बूट न्यावेत. परवानगी न मिळाल्यास रुसी मोदी केंद्र या कंपनीच्या संग्रहातील जुनी छायाचित्रे व कागदपत्रे पाहावीत, त्याची वेळही फोन करून विचारून घ्यावी. ज्युबिली पार्क १९५८ साली नेहरूंच्या हस्ते खुले झाले. संध्याकाळी तिथे बसायला छान वाटते, एवढे म्हटले तरी पुरे.

पूर्व सिंहभूम हा जिल्हा १९९० साली वेगळा झाला आणि त्याचा उद्योग पोलादापुरता नाही. पोलादामागून १९२० च्या सुमारास गोलमुरीचा पत्र्याचा कारखाना आला, १९४५ साली टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आली. तिने आधी रेल्वे इंजिने आणि १९५४ पासून मालमोटारी बनवल्या. घाटशिलेकडे मुसाबनीच्या तांब्याच्या खाणी आणि मऊभांडारचा तांबे कारखाना आहे. जादुगुड्याला १९६७ पासून युरेनियम निघते, पण ती पर्यटकाने पाहायची जागा नव्हे. घाटशिलेसाठी सकाळची गाडी धरून रात्री परतता येते.

शेवटच्या दिवशी आम्ही दोमुहानीला, म्हणजे नद्यांच्या संगमावर, गेलो. खरकाईच्या पलीकडचे आदित्यपूर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, परंतु खोल्यांसाठी तेथेही चौकशी करावी. ३ मार्चला, जमशेटजींच्या जयंतीला, पार्कात रोषणाई असते; त्या आठवड्यात जायचे असेल तर मुक्काम दिवाळीनंतर लगेचच पाहून ठेवावा आणि परतीचे तिकीट रेल्वेचे आरक्षण खुले होताच काढावे.