लेबल तळहाताकडे

आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर रोज नवा सुविचार लागायचा. माझं अक्षर बरं, म्हणून आठवीत ते काम माझ्याकडे आलं. थोरांची वचनं शोधायची, रंगीत खडूने कडेला वेलबुट्टी काढायची, कोपऱ्यात वार-तारीख घालायची. ध्येय, त्याग, सेवा, समर्पण हे शब्द मी इतक्यांदा लिहिले की डोळे मिटूनही ते सुबक उतरले असते. त्या फळ्याने माझं आयुष्य घडवलं असं लिहिलं, तर शाळेच्या या स्मरणिकेत ते शोभून दिसेल. पण त्यातला एकही सुविचार आज मला आठवत नाही. आठवतात ते प्रयोगशाळेतले मामा.

मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. प्रेमळ वगैरे अजिबात नव्हते. तिरसटच म्हणायचे. तास शिक्षक घ्यायचे, पण बाटल्यांवर राज्य मामांचं. विरल आम्ल, कॉस्टिक सोड्याचं द्रावण आणि साधं डिस्टिल्ड वॉटर या तिन्ही बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांना काही फरक कळत नाही. तिन्ही सारख्याच नितळ. म्हणून मामांचा कायदा एकच होता : चिठ्ठी नसलेली बाटली ओतून टाकायची. आत काय आहे हे ‘माहीत असलं’ तरी. एकदा वर्गातला एक हुशार मुलगा छातीठोकपणे म्हणाला, ‘मामा, आत्ताच मी यात पाणी भरलंय, पाणीच आहे.’ मामांनी बाटली घेतली, सिंकचा नळ सोडला आणि ती त्याच्यासमोर रिकामी केली. ‘तुला माहिताय. उद्या येणाऱ्याला काय माहिताय?’ एवढंच बोलले.

ओतण्याचीही त्यांची एक रीत होती. बाटली उचलताना लेबल तळहाताकडे यायला हवं. ओतून झालं की तोंडाशी उरलेला थेंब बाहेरून ओघळतो. लेबल ओतण्याच्या बाजूला, खाली असेल तर तो शाईवरून जातो, अक्षरं पुसट होतात, आणि आम्ल असेल तर कागदही खातो. लेबल तळहाताशी असलं की थेंब पलीकडच्या बाजूने उतरतो. बूच टेबलावर आडवं ठेवायचं नाही, दोन बोटांत धरायचं, म्हणजे टेबलावरची घाण बाटलीत जात नाही. काम झालं की बाटली जागेवर, लेबल समोर. तास संपल्याची घंटा होऊन गेलेली असायची, पुढच्या तासाचे शिक्षक वर्गात पोचलेले असायचे, आणि मामा दारात उभे. शेवटची बाटली सरळ झाल्याशिवाय कुणाला सोडायचे नाहीत. आम्ही मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचो ते इथे छापता येणार नाही.

पुढे मी वैद्यकीय प्रयोगशाळेतलं शिक्षण घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केलं. या स्मरणिकेत उद्योजक, अधिकारी, प्राध्यापक लिहिणार आहेत. माझ्या कामाबद्दल सांगण्यासारखं नाट्य फार नाही. दिवसभर नळ्या, पिशव्या आणि लेबलं. पण ‘आयुष्याचं सार्थक’ वगैरे विषय निघाला की मला बोलायचं असतं, कारण ते सार्थक कुठे दडलेलं असतं हे मी फार जवळून पाहिलं आहे.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, एकाच्या रक्तातल्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळल्या आणि कुठे गुठळ्या होतात, कुठे होत नाहीत याचा तक्ता मांडला. रक्तगट त्या तक्त्यातून हाती आले. त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ होता. या कामासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं आणि त्यांचा जन्मदिवस, १४ जून, आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. विज्ञानाचं कोडं असं सुटलं. तरीही आजच्या काळात चुकीच्या गटाचं रक्त चढलंच, तर त्यामागे बहुतेक वेळा विज्ञान नसतं, ओळखीची गफलत असते. नळी एकाची, नाव दुसऱ्याचं. पिशवी बरोबर, खाट चुकीची.

म्हणून आमच्याकडे नियम असतो की नमुना घेतल्यावर नळीवर नाव रुग्णाच्या खाटेशीच लिहायचं. टेबलावर जाऊन नाही, आधीपासून लिहून ठेवून नाही. आणि विचारताना ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारायचं नाही. ग्लानीत असलेला, घाबरलेला, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं आणि त्याच्या तोंडून ऐकायचं. कागदावर हा नियम अगदी किरकोळ दिसतो. शिकाऊ मुलं तर हसतात.

एका रात्रपाळीला वॉर्डातून एक नळी आली. अर्जावर सगळं व्यवस्थित, नळीवर काहीच नाही. आणणारा म्हणाला, ‘त्यांचंच आहे, मीच हातात घेऊन आलोय.’ मी घेतली नाही. मागून नातेवाईक आले, आवाज चढले. एक माणूस मरायला टेकलाय आणि या बाईंना लेबल पाहिजे, असं ऐकवून झालं. तोपर्यंतची सोय म्हणून, गट माहीत नसतानाही देता येतं असं ‘ओ निगेटिव्ह’ रक्त तयार ठेवलं आणि नवा नमुना मागवला. तो आला, तपासला, रुग्णाच्या गटाचं रक्त गेलं. सकाळी पाळी बदलली, मी घरी आले.

त्या पहिल्या नळीत कुणाचं रक्त होतं? मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही, कारण ती तपासलीच नव्हती. बहुधा त्याच रुग्णाचं असेल. म्हणजे बहुधा माझ्या हट्टाने काहीच वाचलं नाही, थोडा वेळ तेवढा गेला. या कामाची अडचण ही अशी आहे. टळलेल्या अपघाताची कुठल्याही वहीत नोंद होत नाही. अमक्या दिवशी अमक्या माणसाला काहीही झालं नाही, असं कोण लिहून ठेवणार? दुसऱ्यासाठी केलेल्या बहुतेक छोट्या गोष्टी या जातीच्या असतात. त्यांची पावती मिळत नाही. पावतीशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याने या वाटेला न गेलेलंच बरं. हे मी चिडून म्हणत नाही. स्वभाव असतो एकेकाचा.

रक्तदात्यांचंही तेच. एका पिशवीतून तांबड्या पेशी, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा म्हणजे रक्ताचा पातळ द्रव असे भाग वेगळे करतात, म्हणजे एक पिशवी दोन-तीन जणांना पुरते, आणि दात्याला त्यांतला एकही जण भेटत नाही. तांबड्या पेशी योग्य द्रावणात साधारण ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्सचं आयुष्य मात्र पाच दिवस, तेही २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या यंत्रावर ठेवून. मोठी दुर्घटना घडली की रक्तपेढीबाहेर रांगा लागतात. लोकांचं मन मोठं असतं यात शंका नाही, पण त्या रांगेतल्या सगळ्यांचं रक्त एकाच दिवशी घेऊन उपयोग नसतो. सहाव्या दिवशी प्लेटलेट्स पुन्हा शून्य. आम्हाला खरा आधार असायचा तो बातमीत काहीही नसलेल्या दिवशी, कुणी न बोलावता येणाऱ्यांचा. असे काही चेहरे मला पाठ झाले होते. यायचे, अर्ज भरायचे, बाही वर करायचे, निघून जायचे. फोटो काढा म्हणून कधी म्हणाले नाहीत.

ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन हे त्यांतले जगप्रसिद्ध नाव. १९५१ मध्ये, चौदाव्या वर्षी त्यांच्या छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि अनोळखी माणसांच्या रक्तावर ते वाचले. अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी रक्त द्यायला सुरुवात केली. त्यांच्या प्लाझ्मात ‘अँटी-डी’ नावाची दुर्मीळ प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) भरपूर आहेत हे नंतर लक्षात आलं. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि गर्भाचं पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढच्या खेपेच्या बाळावर ती हल्ला करतात. अँटी-डीचं इंजेक्शन आईला वेळेवर दिलं की हे टळतं. हॅरिसन २०१८ पर्यंत देत राहिले. एकंदर १,१७३ वेळा. त्यातून सुमारे २४ लाख बाळांना संरक्षण मिळालं असा तिथल्या रेड क्रॉसचा अंदाज आहे. २०२५ मध्ये ते वारले.

सगळे २४ लाखांपाशी थबकतात. मला त्यांची दुसरीच गोष्ट आवडते : त्यांना सुईची भीती वाटायची. सुई आत जाताना ते कायम दुसरीकडे बघायचे, छताकडे, परिचारिकांकडे, कुठेही. एवढ्या वर्षांत ती भीती गेली नाही आणि ती जाण्याची त्यांनी वाटही पाहिली नाही. आधी मन खंबीर करू, मग काहीतरी करू, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता पुन्हा फळ्याकडे, कारण फळ्यावरचे शब्द खोटे होते असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायला सांगितलं. काहींचा विषय होता बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्या वाटसरूची गोष्ट. मधल्या वाटेवर एक माणूस दाराशी कण्हत, खोकत पडलेला, अर्थात ठरवून बसवलेला. निघताना कुणाला सांगितलं की भरपूर वेळ आहे, कुणाला की आता निघायला हवं, तर कुणाला की उशीर झालाय, पळा. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. उशीर झालेल्यांपैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय त्या वाटसरूचा आहे की दुसरा काही, याने म्हणावा असा फरक पडला नाही. करुणेवर बोलायला निघालेले काहीजण त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

ही मुलं दुष्ट होती का? मुळीच नाही. त्यांना घाई होती. माणसं वाईट झाली आहेत अशी हळहळ मी रोज ऐकते आणि मला ती पटत नाही. चांगुलपणा बहुतेकांकडे पुरेसा असतो, खिशात दोन मिनिटं नसतात. मामांनी आम्हाला सेवा, त्याग यांतलं काहीही शिकवलं नाही. घंटा झाल्यावरही दोन मिनिटं थांबायला लावलं, आणि तेही असं की थांबणं पुढे अंगवळणीच पडलं.

सवयीलाही एक धोका असतो, तोही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी बनवली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कुठली, कुठल्या जागी, हे सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, आणि २००९ मध्ये आलेल्या अहवालानुसार मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तशाच याद्या सरसकट लागू झाल्या, आणि १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधल्या पाहणीत लक्षणीय फरक दिसला नाही. तज्ज्ञ यावर अजून वाद घालतात. माझं मत विचाराल तर बरोबरच्या खुणा करणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणायचं आणि उत्तर न ऐकता पुढे जायचं, असे सहकारी मी पाहिले आहेत. रजिस्टर मात्र त्यांचंच सगळ्यात नीटनेटकं. मामा ओरडायचे तेव्हा आमच्या चेहऱ्याकडे बघायचे नाहीत, हाताकडे बघायचे. तेच बरोबर होतं.

या वर्षी शाळेत नवी प्रयोगशाळा होते आहे असं कळलं. देणगी मी माझ्या ऐपतीप्रमाणे पाठवते आहेच. भिंतीवर माझ्या नावाची पाटी नको. त्यापेक्षा सिंकजवळ, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, बाटली कशी धरावी याचं एक साधं चित्र लावावं. आणखी एक. नव्या बाटल्या आल्या की त्यांची लेबलं लिहायला मला बोलवा. छापील लेबलं मिळतात हे मला ठाऊक आहे, पण द्रावण नव्याने केलं की त्यावर तीव्रता आणि तारीख हातानेच घालावी लागते, आणि माझं अक्षर अजून बरं आहे. दहावी-बारावीची दोन-चार मुलं मदतीला द्या. त्यांना वेळ असेल तेव्हाच, परीक्षेच्या आठवड्यात नको.